जुन्या ॲल्युमिनियम बोटीची गळती दरवर्षी परत का येते?

मे महिना लागला, तळ्यांवरचा बर्फ गेला, की मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडच्या आपल्या मंडळींत एक तक्रार हमखास ऐकू येते. चौदा फुटी जुनी ॲल्युमिनियमची बोट ट्रेलरसकट स्वस्तात मिळाली, घरी आणली, गराजमध्ये उलटी घालून एकूण एक रिव्हेटवर सीलंट फासलं. पहिला उन्हाळा कोरडा गेला. दुसऱ्या वर्षी पहिल्याच फेरीत पायाखाली पाणी. मग पुन्हा सीलंट, पुन्हा एक उन्हाळा, पुन्हा पाणी.

या फेऱ्यात अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. सीलंटची कुठली नळी सर्वांत चांगली, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. रिव्हेट आपणहून ढिला होत नाही. त्याच्याभोवतीचा पत्रा कुठेतरी हलत असतो. तो का हलतोय हे सापडेपर्यंत वरून जे काही फासाल ते एक हिवाळा टिकेल, फार तर दोन. कढईचा कान ढिला झाला तर ठोकून घट्ट करता येतो. पण भरलेली कढई रोज त्याच एका कानाला धरून उचलत राहिलात तर तो पुन्हा डुगडुगणारच.

या बोटी मुळात बनल्या कशा हे ठाऊक असेल तर पुढचं सोपं जातं. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी पत्रा वाकवून रिव्हेट मारण्याचं तंत्र अमेरिकेत चांगलंच मुरलं होतं. लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमनने युद्ध संपताच त्याच तंत्राने डोंग्या बनवायला घेतल्या. मिनेसोटात १९४६ साली मिनियापोलिसमध्ये ॲल्युमाक्राफ्ट आणि लिटल फॉल्समध्ये क्रेस्टलायनर सुरू झाली, १९४८ मध्ये न्यूयॉर्क मिल्स नावाच्या गावात लुंड आली. बोटीचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा. दोन पत्र्यांच्या कडा एकावर एक, मध्ये सीलंट किंवा टेपचा पातळ थर, आणि शेकडो भरीव रिव्हेट. विमानाच्या पंखासारखी ही बोट थोडी लवचिक असणं अपेक्षितच आहे. लाटेवर तळ किंचित दबतो आणि परत येतो. फासळ्या, बाकं आणि मागची फळी मिळून हा ताण वाटून घेतात. यातला एक भागीदार कामातून गेला की त्याचा वाटा रिव्हेटांवर येतो.

कोकणातली लाकडी होडी ज्यांनी पाहिली आहे त्यांचा इथे एक घोटाळा होतो. लाकडी होडी पाण्यात ठेवली की फळ्या फुगतात, फटी आपोआप आवळतात, आणि पहिल्या दोन दिवसांची गळती पुढे कमी होते. ॲल्युमिनियम फुगत नाही. "पाण्यात राहू दे, बसेल आपोआप" हा सल्ला इथे चालत नाही. इथली गळती वाढतच जाते.

घरी आणण्याआधी

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या बोटीच्या मागच्या फळीवर, उजव्या हाताला वरच्या बाजूला, बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो विकणाऱ्याच्या कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. त्याआधीच्या बोटीवर कंपनीची छोटी पट्टीच काय ती मिळेल. ट्रेलरचे कागद वेगळे मागा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन. त्या वर्षाचं कॅटलॉग बहुतेक वेळा इंटरनेटवर सापडतं आणि त्यात रिकाम्या बोटीचं वजन दिलेलं असतं. खडी-माती विकणाऱ्यांकडे वजनकाटा असतो. आधी बोटीसकट ट्रेलर आणि नंतर नुसता ट्रेलर वजन करून आणा. बोट कॅटलॉगपेक्षा तीस-चाळीस किलोंनी जड भरली तर ते पाणी आहे, आणि ते बाकांखाली किंवा फरशीखाली बोट तरंगती ठेवण्यासाठी भरलेल्या फोममध्ये बसलेलं आहे. विकणारा कितीही म्हणो की बोट गळत नाही, हा आकडा खोटं बोलत नाही.

आधी खात्री करा: ही गळतीच आहे का?

बऱ्याच जणांच्या "गळती"चा उगम याच ओल्या फोममध्ये असतो. बोट उतारावरून पाण्यात घातली, नाक वर झालं, की फोममधलं आणि दुहेरी तळातलं पावसाचं पाणी मागे वाहत येतं आणि नवीनच शिरल्यासारखं दिसतं. बोट उन्हात नाक उंच करून, मागचं, आतलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच काढून, आठवडाभर ठेवा. कोरडी झाल्यावर शांत पाण्यात, कुणीही न बसता, बांधून ठेवा आणि तासाने बघा. तरीही पाणी दिसलं तर ती गळती.

दुसरा संशयित तर अगदीच साधा आहे: बूच. मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना बूच काढलेलं असणं कायद्याने सक्तीचं आहे, कारण झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तळ्यातलं पाणी घेऊन दुसऱ्या तळ्यात पोचतात. राज्यात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी मोजली जातात, तेव्हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे ते बूच सीझनमध्ये शेकडो वेळा काढलं-घातलं जातं. त्याचं रबर वाळतं, आणि ज्या नळीत ते बसतं ती नळी अनेक जुन्या बोटींत पितळेची असते. पितळेत तांबं असतं. ॲल्युमिनियमला चिकटलेलं तांबं आणि जोडीला ओल, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. नळीच्या कडेने पांढरा बुरा दिसला तर ती काढा, भोक साफ करा, आणि ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची नळी चांगल्या सीलंटमध्ये बसवा. निम्म्या तासाचं काम आहे आणि काहींचं दुखणं इथेच संपतं.

गळती शोधण्याची पद्धत

उरलेल्यांनी बोट ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरायचं. बाहेरून आत शोधण्यापेक्षा आतून बाहेर शोधणं कैक पटींनी सोपं. पण काठोकाठ भरू नका. चौदा फुटी बोटीच्या तळात तीन इंच पाणी म्हणजे तीनशे किलोंच्या वर वजन होतं. ट्रेलरचे टायर जुने असतील तर ॲक्सलखाली आणि चौकटीच्या मागच्या टोकाखाली ठोकळे घाला. तीन इंच पुरतात.

भरण्याआधी बाहेरून तळ पुसून कोरडा करा आणि त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरवा. पाझर अगदी बारीक असला तरी पावडरीत काळपट ठिपका उठतो. प्रत्येक ठिपक्याभोवती मेणाच्या खडूने गोल करा. आता कुणाला तरी आत उतरवा आणि डावी-उजवीकडे अंग टाकायला सांगा. स्थिर असताना कोरडे दिसणारे काही रिव्हेट या डोलण्याने ओले होतात. त्यांना वेगळ्या रंगाचा गोल. हेच ते, ज्यांच्यावर कितीही सीलंट फासलं तरी पुढच्या वर्षी परत येतात, कारण हे हलणारे आहेत.

ठिपक्यांची जागा लक्षपूर्वक वाचा. मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यांत गर्दी असेल तर दोष फळीत. तळाच्या मधल्या भागात, फासळीच्या रेषेत, ओळीने असतील तर फासळी तुटलेली किंवा सुटलेली. ट्रेलरच्या आधारांच्या वर असतील तर ट्रेलर. नाकाच्या खाली, पाण्याच्या रेषेशी असतील तर बोट वेगाने दगडी किनाऱ्यावर चढवण्याची आधीच्या मालकाची सवय. विखुरलेले, कुठेही, एकेक असतील तर ते वयाने आले, आणि तेच काय ते सोपं प्रकरण.

एक सावधगिरी: दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेलं पाणी आतल्या आत फूटभर सरकून भलत्याच रिव्हेटपाशी बाहेर पडू शकतं. सांध्यावर ठिपका दिसला की दोन्ही बाजूंचे सगळे रिव्हेट संशयित धरा.

फळी: सर्वांत जास्त गुन्हे हिचेच

मोटार जिच्यावर टांगलेली असते त्या मागच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीच्या आत प्लायवूडची जाड फळी असते. वरून ॲल्युमिनियमची टोपी घातलेली, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. मोटारीच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरतं आणि पन्नास वर्षांत प्लायवूडचं ओलं काळं भुस्कट होतं. वीस-पंचवीस अश्वशक्तीची जुनी टू-स्ट्रोक मोटार पन्नास किलोंच्या आसपास असते. तिचं वजन, तिचा धक्का आणि खड्ड्यांतून ट्रेलर नेताना तिचं आदळणं, हे सगळं कुजलेल्या फळीतून निसटून कोपऱ्यांतल्या रिव्हेटांवर जातं.

तपासायला मोटारीचा खालचा पाय धरून जोराने वर-खाली ढकला. भिंत वाकताना दिसली किंवा टोपीच्या कडेने पाणी पिळून निघालं, तर निकाल लागला. तसं काही दिसलं नाही तर बोल्ट काढून भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसा. टणक लाकूड लागलं पाहिजे.

फळी बदलणं ऐकायला मोठं वाटतं, पण चौकोनी लाकूड कापता येणाऱ्या कुणालाही जमतं. जुनी फळी शक्यतो अखंड काढा, तिचाच नमुना होतो. पाऊण इंची मरीन प्लायवूडचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून दीड इंच करा, पण आधी जुन्या फळीची जाडी मोजा, सगळ्या बोटींत ती तेवढीच असते असं नाही. सगळ्या कडा आणि प्रत्येक भोकाची आतली बाजू इपॉक्सीने दोन-तीनदा पाजा. भोकं नेहमी थोडी मोठी पाडून, इपॉक्सीने भरून, वाळल्यावर त्यात पुन्हा योग्य मापाची पाडलीत तर बोल्टच्या वाटेने पाणी लाकडाला लागतच नाही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण "लाकूड कुजू नये म्हणून" हौशी लोक नेमकी तीच करतात. हिरवट रंगाचं, दाबाने औषध भरलेलं लाकूड बोटीत वापरू नका. त्या औषधात तांबं असतं. २००३ च्या शेवटी अमेरिकेत घरगुती वापरासाठी आर्सेनिकवालं जुनं औषध बंद झालं आणि त्याच्या जागी आलेल्या औषधांत तांब्याचं प्रमाण आणखी वाढलं. ओलं झालं की ते तांबं ॲल्युमिनियम खातं. फळी शंभर वर्षं टिकेल. तिला कवटाळून बसलेला पत्रा काही वर्षांत चाळणी होईल.

आणि हाच पदार्थ ट्रेलरवरही असतो. बोट ज्या दोन लांब लाकडांवर टेकते ती बहुतेक औषधवालीच असतात, वर गालिचा ठोकलेला. तो गालिचा पाणी धरून ठेवतो आणि ओलं तांबं महिनोन्महिने तळाला चिकटून राहतं. बोटीच्या पोटावर दोन समांतर पट्ट्यांत बारीक खड्डे दिसले तर कारण हे. साधं देवदारचं किंवा सीडरचं लाकूड घाला आणि गालिच्याऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या.

ट्रेलर आणि बर्फ

बोट आयुष्याचा बहुतांश काळ पाण्यावर नसते, ट्रेलरवर असते. म्हणून आधार कुठे आहेत ते बघा. लाकडांची मागची टोकं बोटीच्या मागच्या भिंतीच्या बरोबर खाली यायला हवीत. ती सहा इंच जरी आधी संपली तरी मोटारीचं सगळं वजन हवेत लोंबकळतं, तळ त्या टोकावर मुडपतो, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला कोपऱ्यातले रिव्हेट ओढले जातात. तळाला लांब सरळपट्टी लावून बघा. शेवटच्या दोन फुटांत ती पत्र्यापासून सुटत असेल, म्हणजे तळाला पोक आला असेल, तर हा रोग जुना आहे. नुसत्या रबरी चाकांवर टेकणारे ट्रेलर जड मोटारीच्या बोटीला मला पसंत नाहीत. सगळा भार चार-सहा ठिपक्यांवर येतो.

मग हिवाळा. सांध्यात अडकलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि दोन पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतं. एका रात्रीत काही होत नाही, पण नोव्हेंबर ते मार्च गोठणं-वितळणं चालूच असतं. शिवाय ॲल्युमिनियम तापमानाबरोबर चांगलंच आखडतं-पसरतं. उणे तीस ते अधिक चाळीस अंश सेल्सियस या आपल्याकडच्या पल्ल्यात चौदा फुटी बोटीची लांबी जवळजवळ सात मिलिमीटरने बदलते. सांध्यावर दगडासारखं कडक भरण घातलं असेल तर त्याला या हालचालीत बारीक चीर पडते आणि वसंतात पाणी पुन्हा आत. उन्हाळाभर कोरडी राहिलेली बोट नेमकी मेमध्येच का गळते, याचं निम्मं उत्तर हे आहे.

आता रिव्हेट

हालचालीचं कारण निस्तरल्यावरच इकडे या. ढिला पण शाबूत असलेला रिव्हेट बदलायची गरज नसते, तो पुन्हा ठोकून घट्ट करता येतो. दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटावर, म्हणजे ठोकून पसरवलेल्या टोकावर, हातोडीचे दोन-चार नेमके ठोके द्यायचे. ठोकळा नीट टेकलेला असला की आवाज भरीव येतो. पोकळ खडखडला तर थांबा, नाहीतर पत्रा चेपेल. जास्त ठोकणंही वाईट. शेपूट पातळ पुरीसारखं पसरलं की त्याच्या कडा फाटतात आणि पकड जाते.

डोकं झिजलेलं, तिरकं किंवा तुटलेलं असेल तर रिव्हेट काढावा लागतो. डोक्याच्या मधोमध पंचाने खूण करा, दांड्यापेक्षा किंचित बारीक ड्रिलने फक्त डोक्यापुरतं भोक पाडा, डोकं छिन्नीने उडवा आणि दांडा पंचाने आत ढकला. पत्र्यातलं मूळ भोक मोठं होता कामा नये. ते आधीच लांबट झालं असेल तर पुढच्या मापाचा रिव्हेट, म्हणजे ३/१६ इंचाऐवजी १/४ इंच घ्या. लांबीचं गणित असं: सगळ्या पत्र्यांची मिळून जाडी, अधिक दांड्याच्या व्यासाच्या दीडपट. ३/१६ इंची रिव्हेटसाठी पत्र्याबाहेर साधारण सात मिलिमीटर शेपूट उरलं पाहिजे. घालण्याआधी डोक्याखाली सीलंटचा एक थेंब.

हात पोचत नाही अशा जागी एका बाजूने ओढून बसवायचे रिव्हेट वापरावे लागतात. हार्डवेअरच्या दुकानात समोरच लटकलेली पाकिटं घेऊ नका. त्या साध्या रिव्हेटच्या मधोमध आरपार भोक असतं, आणि त्यात राहिलेला पोलादाचा तुकडा गंजून गळून पडतो. बंद टोकाचे मागा. पूर्ण ॲल्युमिनियमचे मिळाले तर उत्तम. स्टेनलेसचे नट-बोल्ट गोड्या पाण्यात निभावून जातात, पण पाण्याच्या रेषेखाली मी ते सीलंटमध्ये बुडवल्याशिवाय घालत नाही, आणि खाऱ्या पाण्यात नेणार असाल तर अजिबात नको.

सीलंट, शेवटी

सफाईवर सीलंटपेक्षा जास्त वेळ खर्च करा. आधीच्या मालकाने सिलिकॉन फासलेलं असेल तर ते खरवडूनही त्याचा अदृश्य थर उरतो आणि त्यावर काहीच चिकटत नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा. प्लास्टिकच्या पात्याने खरवडा, सिलिकॉन काढायचं द्रावण लावा, मग स्टेनलेसच्या ब्रशने घासा, शेवटी ॲसिटोन. साध्या लोखंडी तारांचा ब्रश वापरू नका. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कणाभोवती खड्डा सुरू होतो. घासलेल्या पत्र्यावर ऑक्साइडचा थर लगेच पुन्हा धरायला लागतो, म्हणून घासलं की त्याच दिवशी सीलंट लावा.

जुना रंग कोरडा घासायचा नाही. त्यात शिसं असू शकतं, आणि त्याखाली पिवळट-हिरवा प्रायमर दिसला तर तो झिंक क्रोमेटचा असण्याची शक्यता दाट. त्याची धूळ फुप्फुसांच्या कर्करोगाला निमंत्रण देते. ओलं घासा किंवा रंग सोडवणारं रसायन वापरा, योग्य मास्क लावा, आणि पोरांना गराजबाहेर ठेवा.

सांध्यांसाठी मी आतून लावायचं पातळ, लवचिक, दोन भागांचं इपॉक्सी वापरतो. इकडे ग्लुव्हिट हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. बोट अशी तिरकी करा की सांधा सर्वांत खाली येईल, पत्रा हेअर ड्रायरने कोमट करा, आणि ब्रशने पातळ थर द्या. गरम पत्र्यावर ते आणखी पातळ होऊन फटीत शोषलं जातं. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ बरे. बुचाची नळी आणि पाण्याखालच्या इतर जोडण्यांसाठी पॉलियुरेथेन, उदाहरणार्थ थ्री-एमचं ५२००. पण ते पकडतं ते कायमचं. पुढे कधी काढावी लागेल अशा वस्तूखाली त्याचा सौम्य भाऊ ४२०० घाला. नेहमीचं ५२०० पूर्ण धरायला आठवडा घेतं. शनिवारी लावून रविवारी मासे पकडायला गेलात तर दोष सीलंटचा नाही.

जेबी वेल्ड, म्हणजे दगडासारखं कडक होणारं इपॉक्सी, वाईट नाही, फक्त चुकीच्या जागी वापरलं जातं. न हलणाऱ्या जाड भागातलं जुनं बोल्टचं भोक बुजवायला छान, सांध्यावर नको. टीव्हीवर दाखवतात तो रबरी फवारा सोलून काढताना दुप्पट काम वाढवतो. आणि ट्रकच्या हौद्याला मारतात ते जाड कोटिंग संपूर्ण तळाला बाहेरून चोपडणारे लोक आहेत. त्याच्याखाली ओल अडकते आणि पुढच्या खेपेला तुम्हाला एकही रिव्हेट दिसत नाही.

चिरेचं वेगळं. पत्र्याला चीर गेली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना १/८ इंची भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही, आणि वरून त्याच जातीच्या पत्र्याचं, सहसा ५०५२ मिश्रधातूचं, ठिगळ सीलंट लावून रिव्हेटने बसवा. वेल्डिंग करायचंच तर जाणकाराकडून. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइड २,००० अंशांच्या वर. त्यामुळे जुन्या, तेलकट, खड्डे पडलेल्या पातळ पत्र्यावर हौशी हाताने भोक बुजण्याऐवजी मोठंच होतं. साध्या गॅसच्या टॉर्चने लावायच्या कांड्या स्वच्छ तुकड्यावर टेबलावर झकास चालतात; ज्या बोटीत मागे लाकूड आणि फोम आहे तिच्यावर त्या आग लावायचं साधन आहेत.

ओला फोम काढला, पण परत भरला का?

फोम काढल्यावर बोट हलकी होते, वेगाने पळते, आणि बरेच जण तिथेच थांबतात. हे धोक्याचं आहे. बोट पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून तो फोम आहे. लहान बोटींनी भरल्यावरही तरंगलं पाहिजे असा कोस्ट गार्डचा नियम १९७० च्या दशकात आला, पण त्याआधीच्या बोटींच्या बाकांतही कंपन्या तो घालतच असत. इमारतीच्या इन्सुलेशनच्या गुलाबी किंवा निळ्या पॉलिस्टायरिनच्या पाट्या पाणी फारच कमी पितात आणि कापून बसवायला सोप्या. एक घनफूट पाटी साधारण २७ किलो उचलून धरते. मात्र पेट्रोलने त्या विरघळतात, म्हणून टाकीच्या जवळ नको. जेवढा काढला तेवढा तरी परत घाला, आणि खाली पाणी मागे वाहून जायला मोकळी वाट ठेवा. मूळ फोम ओतून भरलेला होता आणि वाट नव्हती, म्हणूनच तो भिजला.

एवढं करूनही थोडं येतंच असेल तर

मला विचाराल तर दिवसभरात एखादा मग पाणी आलं तर पन्नास वर्षांच्या रिव्हेटच्या बोटीत ते चालतं. त्यासाठी पुन्हा सगळं उकलू नका. पण तळभर खड्डे असतील, नखाने खरवडल्यावर पांढरी पूड निघत असेल आणि टॉर्च आतून धरल्यावर बाहेर सुईच्या टोकाएवढे उजेड दिसत असतील, तर रिव्हेटांवर मेहनत घेऊ नका. मोटार आणि ट्रेलर ठेवा, बोट भंगारात द्या. खाऱ्या पाण्यातून आलेल्या बोटी बहुधा याच रांगेत असतात.

ठेवणार असाल तर तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा छोटा बिल्ज पंप बसवा, पण त्याची वायरिंग करताना मोटारगाडीची सवय विसरा. गाडीत निगेटिव्ह तार पत्र्याला जोडतात. ॲल्युमिनियमच्या बोटीत पंप, दिवा, मासे शोधायचं यंत्र, प्रत्येकाला बॅटरीपासून दोन स्वतंत्र तारा न्या आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घाला. पत्र्यातून वीज वाहिली की पाण्याखालचा भाग वर्षानुवर्षांच्या झिजेची मजल एका सीझनमध्ये गाठू शकतो. तपासायला सगळी बटणं बंद करा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं घासून चकचकीत केलेल्या पत्र्याला लावा. तिथे बाराच्या आसपास व्होल्ट दिसले तर निगेटिव्ह कुठेतरी पत्र्याला टेकलेली आहे. मग एकेक तार सोडवत जा. जी सोडवल्यावर आकडा खाली येतो ती दोषी तार.